वीज गेल्यावर जनरेटरचा जोड : मधला स्विच कसा असावा?

मे महिन्यात मोहाडीकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी वीज गेली तर उभ्या पिकाचे ओलीत तास-दोन तास थांबू शकते. बंद शेडमधील मांसल कोंबड्या थांबू शकत नाहीत. कोंबडीला घाम येत नाही. पंखे बंद पडले की थोड्याच वेळात मरतूक सुरू होते. म्हणून असे शेड चालविणारे जनरेटर ठेवतातच. पण तो महावितरणच्या पुरवठ्याशी कसा जोडला आहे, हे फार थोडे जण पाहतात.

काही ठिकाणी जनरेटरची केबल सरळ फलकावर जोडलेली असते आणि मेन स्विच खाली करण्याचे काम माणसाच्या आठवणीवर सोडलेले असते. आठवण चुकली तर जनरेटरची वीज मीटरमधून उलट डीपीकडे जाते. डीपीवरील रोहित्र दोन्ही बाजूंनी काम करते. ११,००० व्होल्टचा दाब उतरवून आपल्याला देणारे तेच रोहित्र उलट दिशेने दाब चढवू शकते. लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव त्यामुळे जाऊ शकतो. आणि जनरेटर चालू असताना मेनची वीज परत आली, तर जनरेटर जळण्याची भीती असतेच.

यावर साधा उपाय म्हणजे हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विच. त्याची मूठ एकच असल्याने ती मेनवर, बंदवर किंवा जनरेटरवर राहते. दोन्हींवर एकदम राहूच शकत नाही. तीन फेजसाठी चार पोलचा घ्यावा, म्हणजे न्यूट्रलही सुटतो. पंपासाठी किंवा लहान धान गिरणीसाठी एवढे पुरे आहे. उगाच जास्त खर्च करू नये.

बंद शेडला मात्र रात्री दोन वाजता मूठ फिरवायला माणूस जागा हवा. तेथे आपोआप बदलणारा स्विच घ्यावा. वीज ठेकेदार त्याला जनरेटर सुरू करणाऱ्या यंत्रणेसह ए.एम.एफ. पॅनेल म्हणतात. ते मेनच्या तिन्ही फेजवर लक्ष ठेवते. एक फेज जरी गेला तरी ते जागे होते, परंतु वीज नुसती लवली म्हणून धावू नये यासाठी काही सेकंद थांबते. नंतर जनरेटरला सुरू होण्याचा इशारा देते. व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची गती स्थिरावली की आधी मेनचा संपर्क तोडते, मगच जनरेटरचा जोडते. दोन्ही एकदम जुळू नयेत म्हणून आत यांत्रिक अडसर असतो. खरेदी करताना तो आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. मेन परत आल्यावर ते काही मिनिटे वाट पाहते, कारण आलेली वीज लगेच पुन्हा जाते हा आपला अनुभव आहे. भार मेनवर गेल्यावर इंजिन थोडा वेळ मोकळे चालून थंड होते.

पंपाच्या स्टार्टरवर बसवितात तो ‘ऑटो स्विच’ वेगळा. वीज येताच तो पंप सुरू करतो. एका डीपीवरील सगळे पंप एकदम सुरू झाले की रोहित्र जळते. म्हणूनच महावितरण तो काढण्यास सांगते. नावावरून दोहोंची गल्लत करू नये.

जोडणी परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावी. फेजचा क्रम मेनप्रमाणेच ठेवण्यास त्याला सांगावे. क्रम उलटा झाला तर मोटार उलटी फिरते. पंखा वारा उलट दिशेला ढकलतो आणि वरवर पाहता सगळे चालू दिसते.

बहुतेक वेळा पॅनेल नव्हे, बॅटरी दगा देते. महिनोन् महिने न वापरलेल्या जनरेटरची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. म्हणून दर आठवड्याला एकदा, उन्हे कलल्यावर, स्वतः शेडमध्ये उभे राहून मेन स्विच खाली करावा व पंखे किती सेकंदांनी परत फिरतात ते वहीत लिहावे. डिझेल त्याच वेळी पाहावे. पंखे फिरले नाहीत तर मेन लगेच वर करावा, शेडचे पडदे उघडावेत आणि त्याच दिवशी मेकॅनिकला बोलवावे.