वजनकाट्याचा कंट्रोल-सी

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून उसाच्या ट्रॉलीचं वजन लिनक्सवरच्या प्रोग्राममध्ये आणायचं, एवढंच काम. आठवड्यात देतो म्हणालो. अर्धा गळीत हंगाम सरला. त्यातून हाती लागलं ते असं.

१. आधी वायर, मग कोड. नऊ पिनांच्या कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना वायरच्या तुकड्याने जोडा. पाठवलेलं परत आलं, तर आपली बाजू धड आहे. मी दोन दिवस कोड उसवत बसलो. चूक केबलची होती.

२. सिरीयल पोर्टला वाटतं, पलीकडे माणूस बसलाय. त्याचं टीटीवाय हे नावच टेलिटाइपवरून आलंय. म्हणून ते ओळ पुरी व्हायची वाट बघतं, एंटरचा १३ आला की त्याचा १० करतं. माझा कोड १३ शोधत राहिला. सीएफमेकरॉने रॉ मोड लावून हे लाड बंद करा. टीसीसेटअ‍ॅट्रच्या होकारावर विसंबू नका. मागितलेल्या सेटिंगांतलं एक जमलं तरी ते होकार देतं. टीसीगेटअ‍ॅट्रने पुन्हा वाचून पडताळा.

३. ओपन करताना ओ_नॉकटीटीवाय द्याच. हाताने सुरू केलेला माझा प्रोग्राम टिकायचा. मशीनबरोबर आपोआप सुरू झालेला पहिल्याच ट्रॉलीला मरायचा. काटा प्रत्येक वजनाच्या शेवटी ३ हा बाइट पाठवत होता. कीबोर्डवर तोच कंट्रोल-सी! रॉ मोड मी अर्धवट लावलेला. त्यात ओ_नॉकटीटीवाय नसल्याने पोर्टच प्रोग्रामचं टर्मिनल होऊन बसलं होतं. काटाच त्याला बंद करत होता.

४. एकक वाचा. रीडने किती थांबायचं ते ठरवणारं व्हीटाइम मोजतं सेकंदाच्या दहाव्या भागात. मी मिलिसेकंद समजून १००० लिहिले. तो कप्पा एका बाइटचा; त्यात उरले २३२. म्हणजे २३.२ सेकंद, आणि बाहेर ट्रॉल्यांची रांग.

५. रीड वजन देत नाही, बाइट देतं. ९६०० बॉडला, अक्षरामागे १० बिट धरून, सेकंदाला ९६० अक्षरं येतात. हाती आलेली तेवढी मिळतात: आधी ‘१८’, मग ‘४६०’. सुरुवातीच्या २ या बाइटपासून शेवटच्या ३ पर्यंत सगळं जुळल्याशिवाय आकडा दाखवू नका. वेळ संपली तर पडदा कोरा ठेवा, मागच्या ट्रॉलीचं वजन नको. खिडकीशी उभा शेतकरी ‘बाइट हरवला’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘काटा मारला.’