गोठ्यात उभी असलेली जुनी राजदूत पुन्हा चालती करताना



आपल्या गावातील पाच-दहा जुनी घरे पाहिली, तर एखाद्या गोठ्यात किंवा कडब्याच्या आडोशाला धूळ खात उभी असलेली राजदूत मोटारसायकल हमखास दिसेल. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस पोलंडमधील एस.एच.एल. मोटारसायकलच्या बनावटीवरून ही गाडी आपल्या देशात काढली. १७३ सी.सी.चे एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर आणि दणकट सांगाडा, एवढीच तिची मांडणी. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे पेंडीचे पोते आणि खाली गाडीवाट, अशा कामात तिने कित्येक घरांचा प्रपंच ओढला. तिचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली. तरीही सुटे भाग शोधले तर मिळतात आणि तिची रचना इतकी साधी आहे की, डिझेल इंजिनाची किरकोळ दुरुस्ती घरी करणाऱ्या शेतकऱ्याला ती सहज समजावी.

वडिलांची गाडी म्हणून मुले ती पुन्हा चालू करायला घेतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु बहुतेक ठिकाणी सुरुवात दोनपैकी एका गोष्टीने होते. एक तर चार जण जमून किकवर उड्या मारतात किंवा गाडी थेट रंगाऱ्याकडे जाते. माती परीक्षण न करता खत टाकण्यासारखाच हा प्रकार. अशी गाडी बहुधा झिजून बंद पडलेली नसते; ती उभी राहून बिघडलेली असते. झिजलेला भाग बदलावा लागतो. उभे राहून बिघडलेल्या गाडीत मात्र गंज, वाळून चिकट झालेले पेट्रोल आणि कडक झालेले रबर हे तीन दोष असतात. त्यांचा उपाय स्वस्त आहे, पण त्याला सबुरी लागते.

आधी कागद, मग पान्हा

खाजगी मोटारसायकलची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. नमुना २५ मधील अर्ज, परिवहन कार्यालयाकडून गाडीची तपासणी, थकीत पर्यावरण कर, विमा आणि धूर तपासणीचे प्रमाणपत्र या गोष्टी चुकत नाहीत. मूळ मालक हयात नसेल तर नमुना ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावे करून घ्यावी. सांगाड्यावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक तारेच्या ब्रशने साफ करून नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. क्रमांक जुळत नसतील किंवा पुस्तकच नसेल तर कार्यालयात चौकशी केल्याशिवाय गाडीवर एक रुपयाही घालू नये. रंगरंगोटी झाल्यावर कागद निघत नाहीत असे कळले, तर ती गाडी फक्त अंगणात उभी करून पाहण्यापुरती उरते.

किक मारू नका

बरीच वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. जोराने किक मारल्यास रिंग तुटते, सिलिंडरवर ओरखडे पडतात किंवा किकच्या गिअरचे दात जातात. दोन दिवसांचे काम मग बोअर करण्यावर जाते.

प्रथम प्लगभोवतीची माती फुंकून वा ब्रशने काढावी आणि मगच प्लग खोलावा, नाहीतर ती माती आत पडते. भोकातून दोन-तीन चमचे डिझेल व इंजिन ऑइलचे समप्रमाणात मिश्रण सोडावे आणि गाडी दोन दिवस तशीच ठेवावी. त्यानंतर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवावे. चाक किंचितही मागे-पुढे होऊ लागले की समजावे, पिस्टन सुटत आहे. न सुटल्यास पुन्हा तेल सोडून आणखी दोन-चार दिवस वाट पाहावी. तरीही हलत नसेल तर हेड व सिलिंडर काढण्याला पर्याय नाही. ते काम अनुभवी मेकॅनिकसमोर करावे.

इंजिन मोकळे झाल्यावर प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक हळू फिरवावी. अंगठा जोराने बाहेर ढकलला गेला तर दाब ठीक आहे. नुसता वारा लागल्यासारखे वाटले तर रिंगा तपासाव्या लागतील.

सायलेन्सरकडेही याच वेळी पाहावे. कुंभारीण माशीला अशा नळ्या फार आवडतात. सायलेन्सरच्या तोंडात तिची मातीची घरटी आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचा कचरा सापडणे नेहमीचेच आहे. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर तुंबला की ताकद निम्म्यावर येते आणि दोष मात्र कार्बोरेटरला दिला जातो. आतील जाळी काढून साठलेला कार्बन खरवडावा. कॉस्टिक सोडा वापरायचाच झाल्यास लोखंडी भागालाच वापरावा, हातमोजे घालावेत आणि ॲल्युमिनियमच्या कोणत्याही भागाला तो लागू देऊ नये. सोडा ॲल्युमिनियम खातो.

लहान रबर, मोठे नुकसान

क्रँकच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीची रबरी ऑइल सील असतात. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवा आधी क्रँकच्या पेटीत येते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे ही पेटी हवाबंद असणे हे या इंजिनाचे मर्म आहे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ही सील कडक होऊन त्यांना चिरा पडतात.

मॅग्नेटच्या बाजूचे सील गळू लागले की जादा हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही. अशा स्थितीत गाडी पळवली तर पिस्टन जाम होतो, तोही बहुधा भर रस्त्यात. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे ऑइल इंजिनात ओढले जाते. पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरच्या ऑइलची पातळी कमी होत जाते. लोक अशा वेळी पेट्रोलमधील ऑइल कमी करतात. हा उपाय रोगापेक्षा घातक आहे, कारण मॅग्नेटच्या बाजूचे बेअरिंग, पिस्टन आणि रिंगा यांना वंगण त्या पेट्रोलमधूनच मिळते.

मॅग्नेट काढण्यासाठी योग्य पुलर वापरावा. हातोडीने ठोकल्यास क्रँक वाकडा होतो. पुलर नसेल तर तेवढ्या कामासाठी मेकॅनिककडे जावे, त्यात कमीपणा नाही. गिअरचे जुने ऑइल काढताना ते ताकासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. पेटी नवीन ऑइलने एकदा धुऊन मगच पुन्हा भरावी.

टाकी आणि आजचे पेट्रोल

टाकीतील जुने पेट्रोल वापरू नये. टाकी आतून गंजली असेल तर मूठभर स्वच्छ लहान खडी किंवा जुने नट आत टाकून ती चांगली हलवावी. नंतर स्वयंपाकघरात वापरतात ते लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी एक दिवस भरून ठेवावी. गंज सुटल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व मग साध्या पाण्याने धुऊन टाकी त्याच उन्हात पूर्ण वाळवावी आणि आतून ऑइल फिरवावे. ओली टाकी रात्रभर राहिली तर पहाटे ती पुन्हा तांबडी झालेली दिसेल. टाकीला भोक असल्यास ती घरी वेल्डिंगला धरू नये. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि तिचा स्फोट होतो.

आता एक बाब आपल्या उसाशी संबंधित. इ.स. २०२५ मध्ये आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. ऊस व मका उत्पादकाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. परंतु राजदूत घडली तेव्हा हे इंधन कोणाच्या विचारात नव्हते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, तर टू-स्ट्रोक ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. पेट्रोल कॉक तळाशी असतो. म्हणजे इंजिनाला सुरुवातीस मिळते ते वंगण नसलेले पाणचट इंधन. म्हणून टाकीत आठवड्या-दोन आठवड्यांत संपेल एवढेच पेट्रोल ठेवावे. पेट्रोलची जुनी नळी, कॉकमधील वॉशर व कार्बोरेटरचे रबरी भाग इथेनॉलने फुगतात किंवा मऊ पडतात, तेव्हा हे सर्व नवीन घालावेत. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळही होते. प्लगचे टोक पांढरे पडत असेल तर जेट एक क्रमांकाने मोठा बसवून पाहावा.

प्रति लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ४० मि.लि. टू-स्ट्रोक ऑइल मापानेच घालावे. अंदाजाने ओतण्याची सवय फवारणीत जशी वाईट तशी इथेही. मिश्रण वेगळ्या डब्यात करून मग टाकीत ओतावे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालू नये. तारेने भोक मोठे होते व ॲव्हरेज जाते. पेट्रोलमध्ये भिजवून पंपाच्या हवेने जेट साफ होतो.

ठिणगी

मॅग्नेटखालील पॉइंटवर उभ्या गाडीत पांढरट थर येतो. बारीक पॉलिश पेपरने तो काढून पॉइंटमधील अंतर फिलर गेजने ०.४ मि.मी. ठेवावे. पॉइंटवर मोठी निळसर ठिणगी उडत असेल आणि ते लवकर जळत असतील तर कंडेन्सर गेला असे समजून तो बदलावा. नवीन प्लग हेडच्या पंख्यांना टेकवून किक मारल्यावर ठिणगी स्पष्ट दिसली पाहिजे. हे पाहताना पेट्रोलचा डबा जवळ नसावा.

ब्रेकला तडजोड नाही

इंजिन सुरू झाले की घरात आनंद होतो आणि गाडी लगेच रस्त्यावर निघते. माझ्या मते धोका इथे सर्वांत मोठा आहे. इंजिन बंद पडले तर माणूस ढकलत घरी येतो. ब्रेक लागला नाही तर तो कदाचित येतच नाही. ४० लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे नुसत्या दुधाचेच वजन ८० किलोच्या वर. तो भार उतारावर थांबवायचा आहे, हे लक्षात ठेवूनच पुढील काम करावे.

दोन्ही चाके काढून ब्रेकचे शू पाहावेत. लायनरला ग्रीस वा ऑइल लागले असेल तर धुऊन उपयोग नाही, शू बदलावेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ड्रममधील धूळ तोंडाने किंवा पंपाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. ब्रेकच्या वायरी आतून गंजलेल्या असल्यास नव्या घ्याव्यात. पूर्ण ब्रेक दाबल्यावर ब्रेकची दांडी व तार यांत काटकोन होईल अशी जुळणी ठेवावी, म्हणजे जोर पूर्ण लागतो.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून ते ठेवू नयेत. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३१२ असे असेल तर तो टायर २०१२ सालच्या २३ व्या आठवड्यातील. इतका जुना, बाजूला चिरा पडलेला टायर भाराखाली फुटतो. स्पोक एकेक करून पान्ह्याने हलके वाजवावेत. बद्द आवाज देणारा स्पोक सैल असतो.

सांगाड्याच्या जोडांवर, विशेषतः कॅनची जाळी अडकवण्याच्या जागी, जुना रंग खरवडून चीर आहे का ते पाहावे. रंग द्यायचा तो हे सर्व झाल्यावर. नव्या रंगाखाली चीर झाकली जाते.

सुरुवातीची चाल

पिस्टन किंवा रिंगा नवीन घातल्या असतील तर पहिले ५०० कि.मी. गाडी भार न घेता, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालवावी आणि दर दहा-बारा कि.मी.नंतर थोडी थांबवावी. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गिअरमध्ये लांबवर उतरू नये. इंधन बंद झाले की या इंजिनाचे वंगणही बंद होते. चढावर आवाज एकदम जड झाला तर तत्काळ क्लच दाबून गाडी बाजूला घ्यावी.

सुगीत किंवा पावसाळ्यात गाडी महिनाभर लागणार नसेल तेव्हा पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून किक दोनदा हळू फिरवावी आणि सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याचा बोळा लावावा. गाडी पुन्हा सुरू करताना तो बोळा आठवणीने काढावा.