बी.लिब. करून काय होणार?

पदवी हातात आल्यावर मुलाने किंवा मुलीने ग्रंथालयशास्त्राचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळं गूगलवर मिळतं, मग ग्रंथपाल कशाला? दुसरा प्रश्न कुणी उघड विचारत नाही, पण मनात तो असतोच. पुस्तकं द्यायची, घ्यायची, तारखेचा शिक्का मारायचा, एवढ्यासाठी पदवी कशाला लागते?

दुसऱ्याचं उत्तर बडोद्याने कधीच देऊन ठेवलं आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून घेतलं आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात ग्रंथालयाचं काम शिकवणारा वर्ग सुरू झाला. गावोगाव वाचनालयं काढायची तर ती चालवणारा माणूस शिकलेला हवा, इतका साधा हिशोब होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढे ओघात येईल. पालकांनी खरं तर तिसराच प्रश्न विचारायला हवा: आज पोरगी जे शिकेल ते दहा वर्षांनी चालेल का? बरंचसं चालणार नाही. हे प्रवेशाआधी कळलेलं बरं, कारण ज्यांना एकदा शिकून मोकळं व्हायचं आहे त्यांच्यासाठी हा व्यवसाय आता उरलेला नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात २००६ साली एक प्रयोग झाला. तिथल्या हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी तेवीस गोष्टींची यादी केली. ब्लॉग सुरू करा, फ्लिकरवर फोटो चढवा, आरएसएस फीड लावून घ्या, विकीत भर घाला, पॉडकास्ट शोधा, असं सगळं. मुदत नऊ आठवडे. वर्ग नाही, शिक्षक नाही. ज्याने त्याने आपल्या वेळेने करायचं आणि अडलं तर सहकाऱ्याला विचारायचं. यादी पुरी करणाऱ्याला एमपी३ प्लेअर बक्षीस. पुढे ही कल्पना जगभरच्या शेकडो ग्रंथालयांनी उचलली.

आज ती यादी पाहिली तर त्यातली बरीच नावं मोडीत निघालेली दिसतात. ब्लॉगलाइन्स गेलं, दुवे साठवायचं डेलिशस गेलं, रोलिओ कुणाला आठवतही नाही. फीड वाचायला पुढे बहुतेक जण ज्याच्याकडे वळले ते गूगल रीडरसुद्धा २०१३ मध्ये बंद पडलं. मग ते नऊ आठवडे वाया गेले का? माझ्या मते नाही. अनोळखी पडद्यासमोर बसून, काही बिघडेल या धास्तीने हात आखडता न घेता ते चालवून पाहण्याची सवय लागली, हा एक भाग. दुसरा जास्त महत्त्वाचा. डेलिशसवर टॅग लावताना लक्षात येत होतं की एकाच विषयाला दहा माणसं दहा नावं देतात आणि म्हणून शोधणाऱ्याला निम्मंच सापडतं. तालिकापत्रांच्या लाकडी खणांपासून ग्रंथपाल याच अडचणीशी झुंजत आले आहेत. साधन बदललं, अडचण तीच राहिली.

आता आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डोकावून बघा. देवघेवीचा काउंटर आहे, दाखल नोंदवही आहे, पण ग्रंथपालाचा बराच वेळ जातो भलतीकडेच. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा भांडारात चढवायचे असतात. प्रबंधातली उचलेगिरी तपासून अहवाल द्यायचा असतो. २०१८ च्या यूजीसी नियमांनंतर हे काम वाढलं, आणि ‘दहा टक्क्यांच्या आत बसवून द्या ना’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला समजावण्याचंही वाढलं. प्राध्यापकांचे संशोधक-ओळखीचे ऑर्किड क्रमांक काढून द्यायचे, महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनासाठी आकडे जमवायचे, घरून ई-जर्नल उघडत नाही म्हणून आलेले फोन घ्यायचे. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं, आणि ती वाचायला केंद्र-राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. मालाला तोटा नाही. पण त्या तेरा हजारांतून आपल्या विषयाचे चार लेख कसे काढायचे हे एम.एस्सी.च्या मुलाला कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. ‘गूगल आहे ना’ याचं उत्तर हे.

त्यात आता एआयची भर पडली आहे. चॅटजीपीटीने दिलेली संदर्भसूची घेऊन विद्यार्थी येतो: लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, वर्षही पटण्यासारखं, आणि तसा लेखच अस्तित्वात नाही. लेखाचा डीओआय क्रमांक तपासायचा, जर्नलच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडायची आणि ‘हे कुणी लिहिलेलंच नाही’ असं सांगायचं. हे काम जगभरच्या ग्रंथपालांच्या गळ्यात पडलं आहे आणि ते लवकर संपेल असं वाटत नाही.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना मी मात्र एक वेगळी जागा दाखवेन, कारण तिथे त्यांच्याइतकं तयार कुणीच नाही. आपल्या गावच्या वाचनालयाची संगणकावरची यादी उघडा आणि आरती प्रभूंची पुस्तकं शोधा. कविता सापडतील. कादंबऱ्या सापडतीलच असं नाही, कारण त्या चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने आहेत. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, ग्रेस आणि माणिक गोडघाटे, केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले: आपल्या साहित्यात टोपणनावांची रेलचेल आहे. शिवाय आडनाव आधी की आद्याक्षरं आधी, आद्याक्षरांमध्ये टिंब आहे की नाही, आणि कुणीतरी रोमन लिपीत केलेली नोंद वेगळीच. यातलं कोणतं नाव मुख्य धरायचं आणि बाकीची त्याला कशी जोडायची हे ठरवणं म्हणजे तालिकीकरणाचा गाभा. ते काम अमेरिकेतली कंपनी आपल्यासाठी करून देणार नाही.

अडचणी इथेच थांबत नाहीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले; त्याआधीच्या पुस्तकावर ‘महाराष्ट्रांतील’ छापलेलं असतं, आजचा वाचक ‘महाराष्ट्रातील’ टंकतो, आणि यंत्र म्हणतं पुस्तक नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ज्या वाचनालयांनी फार पूर्वी हौसेने याद्या संगणकावर चढवल्या, त्यांच्या फायली जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडलं की नुसती चिन्हांची खिचडी. ती सोडवायची, युनिकोडमध्ये आणायची, नोंदी तपासायच्या. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने आपला दुर्मीळ ठेवा इंटरनेटवर आणला आहे. असं काम करायला स्कॅनर लागतोच, पण जुनी मराठी सहज वाचणारी आणि कॉपीराइटचा कायदा माहीत असलेली माणसंही लागतात. साने गुरुजी १९५० साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे त्यांची पुस्तकं २०११ पासून खुली. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले. त्यांच्यासाठी २०३७ पर्यंत थांबावं लागेल. हा हिशोब चुकला तर संस्थेला नोटीस येते.

शिक्षणाचा मार्ग फार गुंतागुंतीचा नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एक वर्षाचं बी.लिब., मग एम.लिब. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून आणि इग्नूमधून नोकरी सांभाळूनही हे करता येतं. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. विज्ञान किंवा संगणकाची पदवी असलेल्या मुलांनी बंगळूरच्या डीआरटीसीची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. भारतीय सांख्यिकी संस्थेचं हे केंद्र एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ साली उभं केलं. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि बराच तांत्रिक आहे, विद्यावेतनही मिळतं. रंगनाथन स्वतः मद्रासला गणित शिकवायचे. १९२४ मध्ये ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले होते. सायन्सची पोरगी इकडे कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता पैशांचं बोलू, कारण मार्गदर्शनाच्या लेखांत नेमकं हेच गाळलं जातं. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली हजारो वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी ड वर्गाच्या वाचनालयाच्या वाट्याला तेव्हा वर्षाला ४८ हजार रुपयेच आले. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, विजेचं बिल आणि माणसाचा पगार. यात संसार चालत नाही. ज्यांनी चालवला त्यांच्याबद्दल आदर ठेवून मी सांगेन, एकट्या त्या पगारावर विसंबून तिथे करिअर करू नका. अनुदानित महाविद्यालयांत वेतन चांगलं आहे, पण भरती रखडत चालते आणि अनेक जण वर्षानुवर्षं कंत्राटी किंवा तासिका तत्त्वासारख्या व्यवस्थेत अडकतात. ‘नेट झालं की नोकरी पक्की’ असं सांगणाऱ्या क्लासवाल्यावर विश्वास ठेवू नये.

मग जागा कुठे आहेत? संशोधन संस्था, खासगी विद्यापीठं, रुग्णालयांची आणि वकिलांच्या मोठ्या फर्मची ग्रंथालयं, वृत्तसंस्थांचे संग्रह, वस्तुसंग्रहालयं, जर्नलचे डेटाबेस बनवणाऱ्या कंपन्या. तिथे जाहिरातीत ग्रंथपाल हा शब्द असेलच असं नाही. मेटाडेटा, रिपॉझिटरी, नॉलेज मॅनेजमेंट अशी नावं असतात. नुसतं ‘ग्रंथपाल’ टंकून नोकरी शोधणाऱ्याला या दिसतच नाहीत, आणि ज्याला शोधायला शिकवलं आहे त्याने तरी असं करू नये. मुलाखतीत टक्केवारीबरोबर हेही विचारतात की ग्रंथालयाची कोहा प्रणाली बसवता येते का, डिजिटल भांडाराचं डीस्पेस हाताळलं आहे का, एक्सेलमधल्या पाच हजार नोंदी स्वच्छ करून द्याल का.

कोहा हे नाव मुलांनी आत्ताच लिहून ठेवावं. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. नवी महागडी प्रणाली घेण्याऐवजी त्यांनी कॅटिपो नावाच्या कंपनीकडून स्वतःची बनवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि सर्वांना फुकट खुली केली. आज भारतातली कितीतरी विद्यापीठं त्यावर चालतात. फुकट आहे म्हणजे घरच्या लॅपटॉपवरही बसवता येतं. लिनक्स आलं पाहिजे, सुरुवातीला चार वेळा अडेल, पण घरातली दोनशे पुस्तकं त्यात रीतसर चढवलेली मुलगी मुलाखतीला वेगळीच दिसते. सोबतीला संदर्भ सांभाळणारं झोटेरो शिकावं, विकिडेटावर एखाद्या मराठी लेखकाची अर्धवट नोंद पुरी करून बघावी. या सगळ्याला पैसे लागत नाहीत.

पालकांना एक सुचवते. मुलाला पुस्तकं आवडतात एवढ्यावर हा अभ्यासक्रम ठरवू नका. वाचायला या कामात वेळ मिळत नाही. त्यापेक्षा बघा की आजीचं पेन्शनचं अॅप अडलं तर तो तिच्या हातून फोन काढून घेतो, की तिच्याकडूनच करून घेतो. आणि रेल्वेचं संकेतस्थळ बदललं की वैतागून सोडून देतो, की नवं बटण कुठे गेलं ते हुडकत बसतो. दुसऱ्या प्रकारचं मूल असेल तर बाकीचं शिकवता येतं.

प्रवेश घेण्याआधी त्या विभागात प्रत्यक्ष जा. माहितीपुस्तकात ‘सुसज्ज संगणक प्रयोगशाळा’ सगळ्यांच्याच असतात. कोहा विद्यार्थी स्वतः बसवतात की पडद्यावर दाखवतात ते विचारा. देवनागरी नोंदी करून घेतात का, प्रात्यक्षिकाला कोणत्या ग्रंथालयात पाठवतात, गेल्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत, हेही विचारा. मग म्हणा, प्रयोगशाळा बघू. कुणी किल्ली शोधायला लागलं, तर दुसरं महाविद्यालय बघा.