कथा हातातून सुटत नसेल तर

कथा अजून मनासारखी होत नाही म्हणतेस. होणारही नाही, पोरी. मनातली कथा आणि कागदावरची कथा तंतोतंत जुळल्याचं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. तेव्हा ते राहू दे, दिवाळी अंकवाल्यांनी तारीख कोणती दिलीय ते आधी सांग. तू तुझ्यापुरती पंधरा दिवस अलीकडची धर. ते पंधरा दिवस कथेला झोपू द्यायचं. तूही झोपलीस तरी चालेल.

पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदांवर कर. गुळगुळीत नव्या वहीत अक्षरसुद्धा जपून उमटतं, मग वाक्याचं काय विचारतेस! कॉम्प्युटरवरच लिहिणार असशील तर रोज कालचा शेवटचा परिच्छेद तेवढा वाचायचा, वर सरकायचं नाही. पहिल्यापासून वाचत बसलीस की पहिलं पान लख्ख होत जातं आणि दहावं जन्मालाच येत नाही. अशी लख्ख पहिली पानं आमच्या पिढीच्या ट्रंकांत ढिगानं पडलीत. शब्द अडला तर फुली मारून पुढे जा. आणि उठताना पुढचं वाक्य डोक्यात तयार असतानाच ऊठ, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसायची धास्ती वाटत नाही.

थोरामोठ्यांच्या गोष्टींनी बिचकू नकोस. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली, हे कुठल्याही लेखन-शिबिरात कुणीतरी सांगतंच. खरं आहे ते. पण गुरुजी तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते आणि त्या आठवणी लहानपणापासून आत साठत आलेल्या होत्या. नेमाड्यांची ‘कोसला’ पंचविशीतली, १९६३ची. त्याच नेमाड्यांची १९७९मध्ये ‘झूल’ आली, आणि त्यानंतर ‘हिंदू’ हाती यायला २०१० उजाडलं. एकाच माणसाची ही तऱ्हा, तर त्यातलं कुठलं माप तू स्वतःला लावणार? तुझी बारा पानांची कथा आहे, तिला बारा पानांचाच वेळ दे.

दुरुस्तीच्या फेऱ्या तीनच. एकीत नुसतं गाळायचं. सुरुवातीचा परिच्छेद बहुतेक वेळा जातो. दुसरीत मोठ्यानं वाचायचं आणि जीभ अडखळेल तिथे खूण करायची. आजी नि नात एकसारखीच बोलत असतील तर तेही तेव्हाच कानाला कळतं. तिसरीत ऱ्हस्वदीर्घ. चौथीला हात लावलास तर कथा सुधारत नाही, भित्री होते. चांगली तिखट वाक्यं आधी तीच बळी जातात.

मग एकाला वाचायला दे. घरचा माणूस नको, तो “छान आहे” म्हणून चहा मागेल. ‘कशी वाटली’ असंही विचारू नकोस, ‘कंटाळा कुठे आला’ ते विचार. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत लेखकांना पुनर्लेखन सुचवणारी सविस्तर पत्रं लिहीत. इतकी सवड आता फार थोड्या संपादकांना असते, पण ज्यांना आहे तेही सुचवणार ते हातात आलेल्या कथेबद्दल. तुझ्या कपाटातल्या कथेवर कोण काय बोलणार?

पाठवलेली कथा परत आली तर सोबतचं पत्र वाचायच्या आधी दुसऱ्या अंकाचा पत्ता लिहून ठेव. छापून आली तर त्या दिवशी ती वाचू नकोस. पहिली नजर नेमकी मुद्रणदोषावरच पडते. फोन दोन-चार येतील, त्यातला एक आत्याचा. तेवढ्यावर दिवाळी गोड मानून घे. मानधन होळीपर्यंत आलं नाही तर मात्र सरळ पत्र टाकून विचार. तिथे कसला आलाय संकोच?