पाटा वाढवण्याआधी धरमकाटा

संत्र्याच्या अंबिया बहाराची तोड सुरू झाली, की पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही गावांत कमानीवाल्यांच्या, म्हणजे स्प्रिंगचे पाटे बसवणाऱ्यांच्या, दुकानांपुढे पिकअप उभ्या राहायला लागतात. मागणं बहुतेकांचं एकच असतं: "गाडी मागून बसते हो, दोन पाटे वाढवून द्या." मिस्त्रीही फार विचारत बसत नाही. जुन्या ट्रकचे पाटे पडलेले असतातच, त्यातून मापाचे दोन काढतो, यू-बोल्ट कसतो आणि गाडी वर उचललेली दिसते. मालक खूश होतो आणि दुसऱ्या दिवशी वीस क्रेट जास्तीचे भरतो.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पण संत्र्याची वाट बदलली नाही. बराच माल अजून सावनेरवरून नागपूरच्या कळमना बाजारातच जातो. त्या वाटेवर पिकअप चालवताना आणि शेतात ट्रॅक्टरमागे ट्रॉली ओढताना जे कळत गेलं, ते इथे मांडतो. गाडीमागे ट्रॉली, पाण्याचा टाका किंवा मिक्सर जोडायचा विचार असेल, तर पाट्यांना हात लावण्याआधी हे वाचावं, ही विनंती.

१. पहिलं काम वजन करणं. गाडी किती दबली हे डोळ्यांना दिसतं, वजन किती आहे हे दिसत नाही. संत्र्याचं प्लास्टिकचं क्रेट साधारण २० ते २५ किलो भरतं. २५ किलोने धरलं तर ६८ क्रेट म्हणजे १,७०० किलो. मोठ्या पिकअपची कंपनीने सांगितलेली क्षमता साधारण तेवढीच असते आणि लहान मॉडेलची १,३०० किलोच्या आसपास. शंभर क्रेट चढवले तर अडीच टन होतात. लोखंडी जाळी, ताडपत्री, वर बसलेले दोन मजूर हे त्यात कोणी धरतच नाही. खुला माल भरला तर अंदाज आणखीच चुकतो.

म्हणून भरलेली गाडी धरमकाट्यावर न्यायची आणि तीन वेळा तोलायची. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काटेवाला कंटाळतो, पण पैसे दिले की करून देतो. हे तीन आकडे आरसीवरच्या एकूण वजनाशी आणि दोन्ही ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहायचे. पूर्ण वजन मर्यादेच्या वर गेलं असेल, तर पाट्यांचा प्रश्न तिथेच मिटला. माल कमी करायचा किंवा दुसरी गाडी सांगायची. तिसरा मार्ग मला माहीत नाही. पूर्ण वजन मर्यादेत असूनही मागच्या ॲक्सलवर भार जास्त आला, तर डाल्यातला माल थोडा पुढे सरकवून पाहायचा. कॅबिनला लागून जड आणि मागच्या फाळक्याकडे हलकं, एवढ्या बदलानेही फरक पडतो.

२. दुसरं हत्यार म्हणजे मोजपट्टी. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवावी. माल भरल्यावर किंवा ट्रॉली जोडल्यावर पुन्हा मोजावी. मागची उंची कमी होणारच, पाटे त्यासाठीच असतात. बघायच्या गोष्टी तीन. ॲक्सल आणि वरच्या बंप रबरात जागा उरली आहे का? एक बाजू दुसरीपेक्षा जास्त बसली आहे का? आणि पुढची उंची वाढली आहे का? ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी मोजत नाही. पुढचं तोंड उचललं, की स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते आणि रात्री लाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

३. ट्रॉलीचं वजन आणि हुकवरचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सस्पेन्शनला त्रास देतं ते हुकवरचं. चार चाकी ट्रॉली आपला भार आपल्याच चाकांवर घेते, गाडीने फक्त ओढायचं असतं. दोन चाकी ट्रॉली मात्र भाराचा एक हिस्सा हुकवर टेकवते. असा हिशेब ठेवावा की भरलेल्या दोन चाकी ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यावा. दीड टनाची ट्रॉली असेल तर दीडशे ते सव्वादोनशे किलो. त्याहून खूप कमी असेल, म्हणजे माल ट्रॉलीच्या मागच्या टोकाला असेल, तर वेगात ट्रॉली डावी-उजवीकडे झुलू लागते आणि ओढणाऱ्या गाडीलाही हलवते. खूप जास्त असेल तर गाडीचा मागचा भाग बसतो.

आता बघा, २०० किलो हुकवर आले तर मागच्या ॲक्सलवर २०० च वाढतात का? नाही. हुक ॲक्सलच्या मागे सव्वा मीटरभर असतो. दोन ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर आणि हुक मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे धरला, तर मागच्या ॲक्सलवर २८० किलो वाढतात आणि पुढचे ८० किलो कमी होतात. डाल्यात माल आधीच पूर्ण भरला असेल, तर हे २८० किलो घ्यायला मागचा ॲक्सल मोकळा नसतो. म्हणून ट्रॉली ओढायची असेल तर डाल्यात तेवढी जागा सोडावी. अमेरिकेत पिकअपमागे घरासारख्या मोठ्या ट्रॉल्या ओढतात. तिथे हुकवरचा भार पुढच्या चाकांकडेही वाटून देणारा खास जोड मिळतो, पाट्यांच्या जोडीला हवेचे फुगे लावतात. आपल्याकडे तो जोड सहसा दिसत नाही, त्यामुळे आपल्या हातात उपाय राहतो तो माल नीट रचण्याचा. ट्रॉलीत जड माल चाकांच्या थोडा पुढे ठेवा, सगळा पुढे नको आणि सगळा मागेही नको.

४. ट्रॅक्टरवाल्यांनी हे वेगळं समजून घ्यावं. ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलला पाटे नसतात, तो थेट हाउसिंगला बसवलेला असतो. म्हणून "ट्रॅक्टरचं सस्पेन्शन वाढवा" हा प्रश्नच नाही. पाटे ट्रॉलीला असतात आणि आपल्या भागातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना ते जुन्या ट्रकमधून काढलेले असतात. ट्रॅक्टरची खरी अडचण पुढची आहे. पांदणीच्या चढावर दोन चाकी ट्रॉलीत गिट्टी भरली असली, की तोंड उचलतं आणि स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं जमिनीला लागत नाहीत. त्याला इलाज पुढे वजन लावण्याचा किंवा हुक खाली घेण्याचा आहे. ट्रॉली जोडायचा हुक जितका उंच, तितकं तोंड लवकर उचलतं. ट्रॉलीचे पाटे वाढवून तोंड खाली येत नाही.

५. पाटे वाढवल्याने नेमकं काय वाढतं? कडकपणा. बाकी काही वाढत नाही. ॲक्सल तोच, हबची बेअरिंग तीच, टायर तेच, चेसिस आणि ब्रेकही तेच. कमरेला पट्टा बांधला म्हणून गुडघ्यांत बळ येत नाही. आणि पाटे कडक झाल्यावर गाडी रिकामी असताना उड्या मारते. पांढुर्ण्याहून रिकामी निघून बागेत जाणारी पिकअप पांदणीत कशी नाचते ते पाहिलं, तर धक्का कुठे बसतो हे कळतं. तो धक्का चेसिसच्या रिव्हेटना, शॅकलला आणि डाल्याच्या वेल्डिंगला बसतो.

इथे एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी. अनेक पिकअपांना मागच्या ॲक्सलला जोडलेला एक सळीवाला व्हॉल्व्ह असतो. ॲक्सल आणि चेसिसमधलं अंतर कमी झालं की त्याला कळतं गाडी भरलेली आहे, मग तो मागच्या ब्रेकला तेल जास्त सोडतो. पाटे वाढवून गाडी वर उचलली, की त्या व्हॉल्व्हला भरलेली गाडीसुद्धा रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. मालकाला कळतं ते थेट उतारावर. पाटे वाढवल्यावर त्या सळीचं माप नव्याने लावून घ्या. मिस्त्री म्हणाला "गरज नाही", तरी लावून घ्या.

कडकपणाचा हिशेबही ध्यानात ठेवावा. सात सारख्या पाट्यांच्या संचात तसाच आठवा टाकला, तर कडकपणा साधारण सातवा हिस्सा वाढतो. पण जाडी बदलली तर गोष्ट फार वेगळी होते, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा टाकला, तर तो एकच पाटा जवळपास दुप्पट कडक असतो. म्हणून ट्रकचा जाड पाटा पिकअपच्या संचात घालायचा नाही. सगळा भार त्याच्यावर येतो, शेजारचे पाटे नुसते सोबतीला राहतात आणि तुटतो तेव्हा मेन पाटा तुटतो.

६. मग पाटे बदलायचे कधी? वजन मर्यादेत आहे, माल नीट रचला आहे, हुकवरचा भार बरोबर आहे, आणि तरीही गाडी बंप रबरावर आदळते किंवा एका बाजूला कलते, तेव्हा. अशा वेळी आधी जुने पाटे उघडून पाहावे. एखादा पाटा तडकलेला असतो, सेंटर बोल्ट तुटून संच सरकलेला असतो, शॅकलचे बुश संपलेले असतात, कधी नुसती कमान बसून गेलेली असते. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान मारून घेता येते, पण ती फार टिकत नाही. नवीन संच घेणं शहाणपणाचं. दोन्ही बाजूंचा एकदम घ्यावा. एकाच बाजूला नवीन टाकला तर गाडी कायम कललेली राहते.

पाट्याला वेल्डिंग करू नये, भोक पाडू नये. तापवून तेलात बुडवून दिलेली त्या पोलादाची ताकद वेल्डिंगच्या आगीने जाते. एक पाटा वाढवलाच, तर यू-बोल्टही त्या मापाचे लांब घ्या, जुन्या बोल्टला दोनच आटे पकडलेले चालत नाहीत. गाडी भरून चालवल्यानंतर ते एकदा पुन्हा कसून घ्यायचे, हे सांगायला मिस्त्री विसरतो, तुम्ही विसरू नका.

७. माल बदलला की हिशेब बदलतो. कापूस जागा खूप घेतो, वजन कमी भरतो, पण ढीग उंच होतो आणि वळणावर गाडी कलते. तिथे पाट्यांपेक्षा रुंद आणि ठेंगणा ढीग कामाचा. सगळ्यात फसवं पाणी. उन्हाळ्यात संत्र्याच्या बागा जगवायला टँकर ओढावे लागतात. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, तेव्हा ५,००० लिटरचा टँकर नुसत्या पाण्याचाच ५ टनांचा होतो. अर्धा भरला तर हलका झाला असं वाटतं, पण आतलं पाणी ब्रेक मारल्यावर पुढे धावतं आणि चढावर मागे. आत आडवे पत्रे नसतील, तर टँकर पूर्ण भरून न्यावा किंवा पूर्ण रिकामा आणावा. कोणताही पाटा आतलं पाणी थांबवू शकत नाही.

८. सौंसरहून रामाकोन्यामार्गे छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. त्या घाटात ट्रॉलीवाल्याला एकच विचारावं: ट्रॉलीला ब्रेक आहेत का? आपल्याकडच्या बहुतेक शेतीच्या ट्रॉल्यांना नसतात. मागची दोन-चार टनांची ढकल उतारावर फक्त ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर येते. गाडी मागून न बसणं म्हणजे ती थांबेल, असं नाही. चढताना जो गिअर लागला, त्याच गिअरमध्ये उतरा.

९. कायद्याचंही बघून घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रॉलीचीही नोंदणी लागते. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ बांधणीपासून वेगळा पडेल असे बदल करायला ५२ वं कलम आडवं येतं. जास्तीच्या वजनाला २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे, शिवाय जास्तीचा माल रस्त्यातच उतरवावा लागतो. संत्रं रस्त्याच्या कडेला उतरवलं तर कळमन्याला त्याचा काय भाव येतो, हे बागायतदाराला सांगायला नको.

यंदाची तोड सुरू होण्याआधी पाट्यांसाठी जे पैसे बाजूला काढले असतील, त्यातून आधी काट्याची पावती घ्या, मग चार चांगले टायर आणि ब्रेकचे लायनर, मग ट्रॉलीच्या मागे लाल रेडियम पट्टी आणि चालणारे दिवे. रात्री राष्ट्रीय महामार्ग ४७ वर अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मागच्याला दिसत नाही, आणि मागून येणारा दुचाकीवाला बहुधा आपल्याच गावचा असतो. एवढं करून पैसे उरले आणि मोजपट्टीनेही गरज दाखवली, तर पाटे जरूर बदला.