थंड हवेचा इशारा

मनालीतील हिवाळ्याची पहाट. मोटार निघून अर्धा तास झाला, तरी हीटरमधून गार हवाच येते. ‘‘हीटर बिघडला,’’ असे म्हणून चालक पुढे निघतो. पण दोष खरोखर हीटरचाच असतो का?

पेट्रोल किंवा डिझेलच्या मोटारीत हीटर बहुधा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. इंजिनात फिरून तापलेले कूलंट एका लहान जाळीतून वाहते आणि पंखा त्या जाळीवरून हवा आत ढकलतो. म्हणून प्रथम तापमानाचा काटा पाहावा. तो वर चढतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याचा संभव असतो. काटा धोक्याच्या खुणेकडे जात असेल आणि हवा थंडच असेल, तर कूलंट कमी झाले असावे. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन तत्काळ बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने गंभीर भाजते. इंजिन पूर्ण निवल्यावरच कूलंटची पातळी पाहावी.

काटा मध्यावर स्थिर असेल, तर इंजिन बंद करून हीटरच्या दोन्ही नळ्या सांभाळून तपासाव्यात. एक गरम व दुसरी थंड असल्यास प्रवाह अडलेला असतो. दोन्ही गरम असल्यास हवेची वाट बदलणारी झडप अडकलेली असू शकते.

कूलंट वारंवार कमी होत असेल, तर ते नुसते भरत राहणे हा उपाय नव्हे. गळती शोधलीच पाहिजे. अन्यथा आज हीटर थंड पडला, उद्या इंजिनच निकामी होईल.

विचार करा : काटा चढत असताना हवा थंड आली, तर चालकाने प्रथम काय करावे?