‘कंटेंट’ आणि समाधान

इंग्रजीच्या तासाला ‘कंटेंट’ हा शब्द आला आणि मी अडखळले. पुस्तकाच्या आरंभी ‘कंटेंट्स’ म्हणजे अनुक्रमणिका. मग इथे ‘समाधानी’ हा अर्थ कुठून आला? सरांनी उत्तर न देता ग्रंथालयातील कोशांकडे बोट दाखविले. त्या शोधाचे हे टिपण.

दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. लॅटिनमध्ये ‘तेनेरे’ म्हणजे धरणे. त्यापासून ‘कोन्तिनेरे’, म्हणजे एकत्र धरणे, सामावणे. पुस्तकात जे सामावले ते ‘कंटेंट्स’. ज्याचे मन आपल्या मर्यादेत सामावले तो ‘कंटेंट’. ‘हॅपी’चे कूळ वेगळे. ‘हॅप’ म्हणजे योगायोग, नशीब. म्हणून ‘हॅपी’ म्हणजे आधी नशीबवान, आनंदी हा अर्थ मागाहून आला. ‘सॅटिस्फाय’मध्ये मात्र ‘सातिस्’ आहे, म्हणजे ‘पुरेसे’.

आता आपला शब्द. माझ्या आजीच्या मते समाधानात धान आहे. आपला भंडारा भाताचा जिल्हा. रोवणी साधली, कोठी भरली की तिचे समाधान! व्युत्पत्ती मात्र सांगते : सम् + आ + धा, म्हणजे नीट एकत्र ठेवणे. ‘समाधी’ही याच धातूची. लॅटिनने ‘एकत्र धरलेले’ म्हटले, संस्कृतने ‘एकत्र ठेवलेले’. तृप्त मन म्हणजे न विखुरलेले मन, हे दोघींनाही सुचले. वेदान्तातील साधनांत समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता, शास्त्रचर्चेत आक्षेपाला दिलेले उत्तर. हिंदीत तर समस्येची उकल म्हणजेच समाधान.

इथेच माझी शंका सुटली. बारावीनंतर नातलग म्हणाले, “घरात एवढे कोणी शिकले नाही. आता समाधान मान.” मराठीत समाधान ‘मानता’ येते आणि समाधान ‘होते’ही. होणारे समाधान प्रश्नाला उत्तर मिळाल्यावर येते. मानायचे समाधान बहुधा दुसरा कोणी सांगतो, तेही ज्याच्या वाट्याला थोडे आले त्यालाच. प्रश्नच विचारू न देता समाधान मानायला लावणे म्हणजे शब्दाचा एक मोठा अर्थच काढून घेणे होय.

त्या दिवशी आजी एवढेच बोलली, “पोरीले शिकू द्या. कोठी भरली नाही अजून.” तिची व्युत्पत्ती चुकली असेल; अर्थ चुकला नाही. ‘सातिस्’ तिला ठाऊक नाही, पण पुरेसे केव्हा होते हे तिला पक्के ठाऊक आहे.